तुपाची वाटी

आमच्या ऑफिसात दुपारी दीड ते दोन या वेळात सगळ्या जगाचा निकाल लागतो. डबे उघडतात, कुणाच्या डब्यातलं सुंगटांचं हुमण कुणाच्या ताटलीत जातं आणि एखादा विषय निघतो. त्या दिवशी विषय मी होतो. माझ्या पिशवीतून कापडाच्या चार-पाच वेण्या बाहेर डोकावत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं त्यातली एक ओढून काढली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कितें रे हें?" मी सांगितलं, कुत्र्यांची खेळणी आहेत, संध्याकाळी शेल्टरमध्ये नेऊन द्यायची आहेत. क्षणभर कुणी बोललं नाही. मग हशा. "आतां सुण्यांकय खेळणीं!"

हसण्याचं मला काही नाही. सत्तेचाळीस वर्षांचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, फायलींवर शेरे मारण्यात हयात गेलेला कारकून घरी जाऊन कुत्र्यांसाठी चिंध्यांची खेळणी करतो, हे दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मीही हसलो असतो. पण हशा ओसरल्यावर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी जे विचारलं ते मनात राहिलं. "माणसांच्या पोरांना खेळणी मिळत नाहीत रे बाबा. त्या कुत्र्यांना दोन वेळ पोटाला मिळतं ना? मग आणखी काय हवं त्यांना?"

बाई वाईट नाहीत. दर चवथीला स्वतःच्या खर्चानं दोन गरीब घरांत सामान पोचवतात. तेव्हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी घरी बसमध्ये बसल्यावर सुचतात. तर ते आता इथं देतो.

नामदेवांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस रे म्हणून. आमच्या देवळात सप्ताहाला येणारे बुवा ही गोष्ट सर्वांभूती देव पाहावा या निरूपणासाठी सांगायचे. ते बरोबरच आहे. पण मला अलीकडे त्या गोष्टीतली दुसरीच एक बाब दिसायला लागली आहे. भाकरी तर कुत्र्याच्या तोंडात होतीच! पोटाचा प्रश्न सुटलेला होता. नामदेव जे धावले ते पोट भरण्याच्या पुढचं काहीतरी द्यायला. आणि नामदेव जातीनं, धंद्यानं शिंपी होते, हेही मला मशीनवर बसलो की आठवतं. (आजचा प्राण्यांचा डॉक्टर त्यांच्या हातातली वाटी काढून घेईल हा भाग वेगळा. कुत्र्याला तूप फारसं मानवत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.)

आता कुत्र्याला पोटापलीकडे काय लागतं? आमच्या वाड्यावरचं मोकळं कुत्रं पाहा. पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकला की ते कान टवकारतं आणि वळणापर्यंत सोबत करतं. मग मासळीवाली येते, तिच्या पाटीभोवती फेरी. प्रत्येक खांबाचा वास घ्यायचा, काल रात्री कोण येऊन गेलं ते नाकानं वाचायचं. खड्डा उकरायचा, त्यात बसायचं, कुणाच्या तरी चपलेचं वाटोळं करायचं. दिवसभर त्याला काम असतं. हेच कुत्रं कुंपणाच्या आत गेलं की सकाळ-संध्याकाळ थाळी समोर येते आणि पाच मिनिटांत रिकामी होते. उरलेल्या दिवसाचं करायचं काय? मी पहिल्यांदा शेल्टरमध्ये गेलो तेव्हा काळो नावाचा एक कुत्रा आपल्या गाळ्यात एकाच रेषेवरून फेऱ्या मारत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळायचं, परत. मी तासभर तिथं होतो, तो थांबला नाही. दुसरी एक कुत्री पुढचा पाय चाटत बसली होती. चाटून चाटून तिथलं कातडं सोललं होतं. दोघांच्या थाळ्या धुतलेल्या, पाणी भरलेलं, लसी टोचलेल्या. भाकरी होती.

ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीनं गोठ्यातल्या आणि खुराड्यातल्या जनावरांविषयी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९७९मध्ये 'पाच स्वातंत्र्यं' म्हणून यादी तयार झाली. भूक-तहान, गैरसोय, दुखणं आणि भीती यांच्यापासून सुटका ही चार. पाचवं, आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मुभा. आमच्याकडे शेल्टरवाले पहिल्या चारांसाठीच इतके धापा टाकत असतात की पाचव्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. त्यांना मी दोष देत नाही.

कायद्यानं पाहिलं तर रस्त्यावरचं कुत्रं शेल्टरमध्ये कायमचं राहायचंच नसतं. आधी २००१चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की कुत्र्याचं निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची आणि जिथून आणलं तिथंच सोडायचं. म्हणजे मागे उरतात ती सोडता न येणारी. गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेली, आंधळी, म्हातारी, कुणीतरी खोक्यात घालून गेटपाशी ठेवलेली पिल्लं, हौस फिटल्यावर मालकानं टाकलेली जातिवंत कुत्री. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर भांडण झालं. कुत्रं चावलेल्या मुलाच्या आईशी मी वाद घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की कुंपणाच्या आतली कुत्री वाढणार असतील, तर ती तिथं दिवसभर करणार काय हा प्रश्न रिकामटेकड्यांचा राहत नाही.

असो. मी या भानगडीत पडलो तो मात्र असला काही विचार करून नव्हे. आई गेली आणि तिचं गाठोडं माझ्या वाट्याला आलं.

आई घरी ब्लाउज शिवायची. पायानं चालवायची उषाची मशीन, तिच्या बाजूला कातरणांचं गाठोडं. वाड्यावरच्या प्रत्येक बाईच्या लग्नाचा, बारशाचा, हळदीकुंकवाचा एक तरी तुकडा त्यात सापडेल. टू बाय टू, रुबिया, खण, अस्तराचं मलमल. आई चिंधी टाकत नसे. "लागेल कशाला तरी" म्हणायची, आणि खरंच लागायची. भांडं उचलायला, दिव्याची वात करायला, कापलेलं बोट बांधायला. ती गेल्यावर ते गाठोडं टाकवेना आणि घरात ठेवून काय करायचं ते कळेना. त्याच सुमारास शेल्टरबद्दल ऐकलं. ठरवलं, आईच्या चिंध्यांची खेळणी करून तिथं द्यायची. मशीन चालवायला मी तिच्याकडूनच शिकलो होतो, लहानपणी शेजारणींच्या परकरांना नेफे मीच घालत असे.

पहिल्याच खेपेला अकरा खेळणी शिवली. त्यातला एक ससा मला अजून दिसतो. जांभळ्या खणाचं अंग, मोत्याच्या बटणांचे डोळे, उशीतला कृत्रिम कापूस पोटात आणि लोकरीची लांब शेपटी. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. शेल्टरच्या मुलांनी फोटो काढले, मीही काढले. प्राण्यांना काय वाटलं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

नवव्या दिवशी फोन आला. मांजरांच्या खोलीतल्या एका तरुण मांजरीनं सशाची शेपटी गिळली होती. दोन दिवस ओकत होती, मग खाणं सोडलं. पोट उघडलं, पण उशीर झाला होता. ती वाचली नाही.

मी गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई हात धुत होत्या. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. रागावल्या नाहीत. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो, हे त्यांनी मला सांगितलं. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, बाकीचा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलायला पाहतं आणि स्वतःच त्याच्यावर गोळा होतं. "परकराची नाडी ओढली की चुण्या पडतात ना काका, तसं," त्या म्हणाल्या. मग ताणलेला दोरा आतडं कापत जातो. मी आयुष्यात कितीतरी नाड्या ओढल्या असतील. मला समजावून सांगायला याहून नेमकं त्यांना काही सापडलं नसतं.

त्यानंतर चार महिने मी मशीनवरचं कापड काढलं नाही. नंतर एकदा डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. जुने टॉवेल असतील तर हवे होते. टॉवेल द्यायला गेलो आणि त्यांनी मला बसवून शिकवलं. त्यांची पहिली अट होती की शिवायचंच नाही. टाका आला की दोरा आला. बटण नको, मणी नको, घुंगरू नको, रिबीन, चेन, डोळे, मिशा काही नको. पोटात कापूस भरायचा नाही, कारण कुत्रं पहिल्या दहा मिनिटांत पोटच फोडतं. आणि ब्लाउजचं कापड तर अजिबात नको. विणलेलं कापड कापलं की कडेनं दशा सुटतात. म्हणजे आईचं सगळं गाठोडं या कामाला बाद!

चालतं ते टी-शर्टचं होजियरी. ते कापलं तर उसवत नाही, पट्टी ओढली की कडा आपोआप आत वळते. तीन बोटं रुंद पट्ट्या, तीन पेडांची घट्ट वेणी, दोन्ही टोकांना गाठ. संपलं. मोठ्या जबड्याच्या कुत्र्यांसाठी जीन्सच्या पायाच्या पट्ट्या, पण शिवणी कापून टाकलेल्या आणि दशा निघताहेत का ते रोज पाहायचं. दात येणाऱ्या पिल्लांसाठी गाठ मारलेला ओला फडका फ्रीजमध्ये थंड करून द्यायचा. (जेवणाच्या फ्रीजमध्ये, लसींच्या नव्हे, हे मला दोनदा बजावण्यात आलं.) आणि टी-शर्टांना गोव्यात काय तोटा? फुटबॉलच्या टुर्नामेंटचे, मॅरेथॉनचे, आणि दर निवडणुकीला वाटले जाणारे. आमच्या वाड्यावर सर्व पक्षांचे सर्व रंगांचे मिळतात. उमेदवाराचा हसरा चेहरा नेमका वेणीच्या मध्यावर येतो आणि काळो तो दाढेखाली धरून झिंजाडतो. सरकारी नोकराला राजकीय मत व्यक्त करायची मनाई आहे. कुत्र्याला नाही.

पण सगळ्यात गुणी खेळणं म्हणाल तर ते खेळणं दिसतच नाही. जुना टॉवेल पसरायचा, त्यावर त्याच्याच थाळीतलं मूठभर कोरडं खाणं विखरायचं, गुंडाळी करून एक सैल गाठ मारायची. काळोला पहिल्यांदा दिलं तेव्हा तो त्याच्यावरून चालत गेला. तिसऱ्या फेरीला थांबला. नाक खाली गेलं. मग त्यानं ती गुंडाळी नाकानं ढकलली, पायानं दाबली, दातानं ओढली. मी घड्याळ लावलं होतं. सोळा मिनिटं. जेवण तेवढंच, थाळीत पाच मिनिटांत संपणारं. त्या सोळा मिनिटांत तो एकदाही भिंतीपर्यंत गेला नाही. त्यानंतर पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या, हेही सांगायला हवं. टॉवेलानं चमत्कार होत नाही. पण बाई, तुम्ही विचारलंत ना, आणखी काय हवं त्यांना? हे.

आता इतकं ऐकून कुणाला हुरूप आला असेल तर एक हिशेबही सांगतो, कारकुनाचा. फुकटचं खेळणंसुद्धा शेल्टरला फुकट पडत नाही. चार कुत्री एकत्र असलेल्या गाळ्यात एक वेणी टाकली तर भांडणं होतात, रक्त निघतं. म्हणून एकेकाला वेगळं करून द्यायचं, लक्ष ठेवायचं, वेळेवर काढून घ्यायचं, फाटलेलं बाजूला करायचं, उरलेलं धुवायचं. हे करायला माणूस लागतो, आणि सकाळी तीन माणसं साठ गाळे धुत असतात. पिल्लांच्या भागात पार्व्होची भीती. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणानं मरत नाही, ब्लीच लागतं. म्हणून तिथं एकदा गेलेलं कापड परत बाहेर काढत नाहीत, सरळ टाकून देतात. जुलैत तर धुतलेलं कापड वाळतच नाही, त्याला बुरशी येते. चिंधीचं मोल मला इथं कळलं. दुकानातलं महागाचं रबरी खेळणं टाकताना हात अडखळेल. चिंधी टाकताना कुणाला वाईट वाटत नाही. आई ऐकती तर तिला हे पटलं नसतं.

आणि म्हणून माझं मत असं झालं आहे की शेल्टरला काही नेण्याआधी फोन करून विचारावं. बहुतेक वेळा ते जुन्या चादरी, टॉवेल आणि वर्तमानपत्रांची रद्दी मागतील. तेच न्यावं. खेळणी नकोत म्हणाले तर रुसू नये. मी पाहतो, लोक मुलांच्या वाढदिवसाला केक घेऊन येतात, चॉकलेटचा! चॉकलेट कुत्र्याला विष आहे. गोड बिस्किटांचे पुडे आणतात, रंगीत रिबिनी बांधतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही, माझा ससा त्यांच्या केकपेक्षा वाईट निघाला. पण देणाऱ्याच्या डोळ्यांना जे गोजिरं दिसतं ते घेणाऱ्याच्या दातांना, आतड्यांना काय करतं, हे पाहायला नको का? नामदेवांच्या वाटीचा मुद्दा मी मघाशी अर्धा सोडला होता तो हाच. धावत जाऊन द्यावं, जरूर द्यावं, पण वाटीत काय घालायचं ते आपण आपल्या जिभेवरून ठरवू नये. मांजरांचंच घ्या. मी त्यांच्यासाठी गाठींचे होजियरीचे चेंडू केले, दोऱ्याशिवाय, सगळे नियम पाळून. त्यांनी ते हुंगले आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून मी ते आणले होते त्या खोक्यात जाऊन बसल्या. तेव्हापासून मी खोकी नेतो.

ऑफिसातल्या बाईंचं मत अजून बदललेलं नाही. परवा म्हणाल्या, "तुझं काही मला पटत नाही." आणि पिशवीतून तीन जुने टॉवेल काढून टेबलावर ठेवले.

राहता राहिलं आईचं गाठोडं. ते दोन वर्षं माळ्यावर होतं. मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी मागचे पाय गेलेली एक म्हातारी कुत्री दाखवली. दात जवळजवळ नाहीत, काही चावत नाही, फरशीवर पडून पडून तिच्या कमरेला जखमा झाल्या होत्या. तिला खेळणं नको होतं, मऊ जागा हवी होती. मी गाठोडं खाली काढलं. जुन्या चादरींच्या चार घड्यांवर आईचे तुकडे मांडले, कडा आत दुमडल्या आणि वीतभरसुद्धा जागा न सोडता धावदोरा घातला, आजी गोधडीला घालायची तसा. टाके मोजले नाहीत, पण दोन महिन्यांचे रविवार गेले. मोतिया रंगाचा तुकडा मावशीच्या लग्नातला. हिरवा खण समोरच्या काकूंचा. जांभळ्याचा उरलेला तुकडा होता, तो हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि शेवटी एका कोपऱ्यात लावला.

गोधडी घेऊन गेलो त्या दिवशी कुत्रीला उचलून तिच्यावर ठेवलं. तिनं एक टोक हुंगलं, मान टाकली आणि झोपली. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा गोधडी तिच्याखाली नव्हती. ओली झाली होती म्हणून धुवायला टाकली होती आणि पाऊस असल्यामुळे व्हरांड्यातल्या दोरीवर तीन दिवस झाले तरी वाळत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आणखी एक लागेल. एक अंगाखाली, एक दोरीवर."

गाठोड्यात अजून निम्मे तुकडे आहेत. मी कापायला घेतले आहेत.